मिसबाईंची डार्ग

“अहो सिस्टर, निघाल्या बघा मिसबाई! धरा!”

कंपाउंडर प्रभुदासची हाक व्हरांड्यातून आली, तशी मी हातातला ट्रे टेबलावर आदळला आणि पळाले. कोपऱ्यातल्या खोलीत मिसबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. दोन्ही पाय खाली सोडलेले, एक हात भिंतीला आणि नजर खिडकीबाहेर, दिवस कुठवर खाली आलाय ते बघत. मांडीचं हाड मोडलेली, पंच्याऐंशीच्या घरातली बाई. उभी राहिली असती तर तिथंच कोसळली असती.

“मिसबाई, कुठं निघालात?” मी त्यांना दोन्ही खांद्यांना धरलं.

“मा डार्ग,” त्या म्हणाल्या. “मा डार्ग.” आणि मग त्यांच्या त्या बोलीत लांबलचक काहीतरी. त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही.

“उद्या जाऊ. आता निजा बरं.”

त्यांनी मला ढकललं. हाडाचा सापळा झाला होता, पण मनगटात जोर होता. प्रभुदास आला, आया आली, आणि तिघांनी मिळून त्यांना परत आडवं केलं. त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नुसत्या खिडकीकडं बघत राहिल्या आणि त्यांची बोटं चादरीवर काहीतरी उपटत राहिली. दिवस बुडून पार अंधार झाल्यावरच ती बोटं थांबली.

महिनाभर रोज हेच चाललं होतं. सकाळी मिसबाई शांत असायच्या, पेज प्यायच्या, केस विंचरून घ्यायच्या. दिवस कलला की सुरू. मी दिवसभर बाळंतिणींच्या वॉर्डात उभी राहायची आणि संध्याकाळी या खोलीत झटापट करायची. घरी जाईपर्यंत पायांचे खांब झालेले असायचे. नवरा म्हणायचा, “पगार घेतेस दवाखान्याचा, पण कुस्ती खेळतेस फुकट.” त्याला उत्तर द्यायलासुद्धा माझ्यात जीव उरलेला नसायचा.

ही गोष्ट फार जुनी आहे. तेव्हा मी पन्नाशीला आले होते आणि आज मिसबाईंच्या वयाच्या जवळ पोहोचले आहे. निंबटाकळी हे जालन्याच्या बाजूचं आमचं गाव, आणि गावाबाहेर मिशनचा दवाखाना. मिस इझोबेल रेनी तिथं तरुणपणी आल्या त्या स्कॉटलंडहून. गावाने त्यांची रेणूबाई केली, आम्ही नर्सांनी मिसबाई. पन्नास वर्षांत त्या आमच्यासारखंच बोलायला लागल्या होत्या. एखादी पोरगी कळा देताना हातपाय गाळायला लागली की म्हणायच्या, “अगं माय, तुझ्या आईनं तुला कसं काढलं असेल? दे जोर!” पोरगी हसायची आणि तेवढ्यात मोकळी व्हायची.

पण होत्या कडक. सकाळच्या प्रार्थनेनंतर आम्हा सगळ्या नर्सांना रांगेत उभं करायच्या आणि हात पुढं करायला लावायच्या. “नखं दाखवा.” नखात कणभर मळ दिसला की त्या दिवशी ती मुलगी वॉर्डात पाय टाकायची नाही. माझं लग्न झालं, मुलं झाली, मी हेडसिस्टर झाले, तरी नखं दाखवायची माझी सुटली नाही.

आणि दुसरी खोड म्हणजे, आपल्या कामाला दुसऱ्याचा हात लागू द्यायच्या नाहीत. त्यांची कपबशी त्या स्वतः विसळायच्या. दवाखान्यामागं त्यांनी भुईमुगाचा तुकडा केला होता, तोही स्वतःच खुरपायच्या. एकदा त्या तापाने फणफणलेल्या असताना मी गुपचूप त्यातल्या दोन ओळी खुरपल्या, तर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्याच तुकड्यात श्रावणात पाय घसरून पडल्या, आणि हाड मोडलं. पाठोपाठ डोक्यात काहीतरी झालं. जिभेवरची मराठी गेली, दवाखान्यातलं इंग्रजीही गेलं, आणि उरली ती कुठल्याशा तळघरातून वर आलेली बोली. आमच्या ताकवाले डॉक्टरांचं इंग्रजी चांगलं पक्कं, पण तेही कान देऊन ऐकायचे आणि मान हलवायचे.

“हे यांच्या गावाकडचं दिसतंय,” ते म्हणाले होते. “आपल्याकडं कशी अहिराणी, तसं. पुस्तकात शोधून सापडायचं नाही.”

आता डार्ग म्हणजे काय, हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळं सगळ्यांनाच ठाऊक झालं. प्रभुदासने पहिल्या आठवड्यातच निकाल लावून टाकला की डार्ग हा मिसबाईंचा होणारा नवरा. लढाईत गेला, म्हणून बाई इकडं आल्या. धोबिणीपर्यंत गोष्ट पोहोचली तेव्हा डार्गसाहेबांना मिशा फुटल्या होत्या आणि घोडाही आला होता. “संध्याकाळी भेटायची वेळ ठरली असंल,” असं आयाने डोळे पुसत मला सांगितलं. मी तिला कामाला लावलं. पण खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर वाटलं होतं की असेल बाई. जन्मभर एकटी राहिलेल्या बाईचं लोकांना दुसरं काही सुचतच नाही.

त्या गुरुवारी डॉक्टरांनी मला ऑफिसात बोलावलं. चष्मा काढून ते डोळे चोळत होते. त्यांनीही आदल्या रात्रभर ऑपरेशन केलं होतं.

“सिस्टर, बसा. मी पुण्याच्या वृद्धाश्रमाशी बोललोय. जागा आहे. सोमवारी गाडी येईल.”

“कुणासाठी?” मी विचारलं. विचारताना उत्तर ठाऊक होतं.

“तुम्ही तरी असं विचारू नका. माणसं किती आहेत आपल्याकडं? रोज संध्याकाळी तिघं जण त्या खोलीत अडकतात. काल तिकडं बाळंतीण एकटी होती.”

“झोपेचं औषध वाढवून बघू.”

“वाढवलंय. आणखी वाढवलं तर श्वास बंद पडेल. नाहीतर हात बांधावे लागतील. तुम्ही बांधाल?”

ज्या हातांनी मला टाके घालायला शिकवलं, ते हात मी कशाच्या बळावर बांधणार होते? पण डॉक्टर खोटं बोलत नव्हते. माझेच पाय मला सांगत होते की असं फार दिवस चालायचं नाही.

“डॉक्टर, त्यांची पुरायची जागा ठरलेली आहे,” मी शेवटी म्हणाले. “लिंबाखाली. स्वतः दाखवून ठेवलीय त्यांनी. पुण्यात गेल्या तर कोण आणणार आहे परत?”

“ठाऊक आहे मला.” त्यांनी चष्मा घातला. “मला ते लिंबाचं झाड रोज दिसतं या खिडकीतून. त्या शांत राहिल्या असत्या तर मी कुठं पाठवत होतो? आज संध्याकाळी एक तास जरी त्या नुसत्या पडून राहिल्या तरी मी गाडी परत पाठवीन. पण राहत नाहीत ना.”

मग म्हणाले, “त्यांच्या भाचीला कळवायला हवं. उद्या दुपारचा ट्रंककॉल लावलाय. तुम्ही पण या. तुम्हाला काही विचारायचं असलं तर विचारा.”

मला एकच विचारायचं होतं.

शुक्रवारी दुपारी फोन लागला. आधी डॉक्टर बोलले. मोडलेलं हाड, डोक्यातली गाठ, पुण्याची सोय, सगळं त्यांनी नीट सांगितलं. मग रिसीव्हर माझ्या हातात दिला. समुद्राखालून बोलत असल्यासारखा आवाज यायचा, आणि माझाच आवाज मला पुन्हा ऐकू यायचा. भाचीचं नाव मार्गरेट. ती शाळेत शिकवायची, त्यामुळं हळू आणि स्वच्छ बोलत होती. माझ्या मोडक्या इंग्रजीतलं तिला बरंच कळलं.

“आत्या संध्याकाळी काय म्हणते?” तिने विचारलं.

“डार्ग. माझा डार्ग, असं म्हणतात. हा कोण माणूस आहे?”

ती हसली, पण ते हसू लगेच ओलं झालं.

“माणूस नाही. शब्द आहे तो. माझ्या आजीच्या तोंडून ऐकला होता लहानपणी. आता आमच्याकडंही कुणी बोलत नाही. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला कळायचा नाही.”

“मग म्हणजे काय?”

“दिवसभराचं काम. एका माणसाने एका दिवसात उरकायचा वाटा. दिवस आणि काम असे आमचे दोन शब्द आहेत, ते बोलून बोलून झिजले आणि त्याचा हा एक झाला. शेतातले लोक बोलायचे. इतका भाग नांगरला, इतक्या ओळी खुरपल्या, की तुमची डार्ग झाली, मग घरी जा. आत्या म्हणत असेल की माझी डार्ग राहिलीय.”

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. डार्गसाहेबांच्या मिशा आणि घोडा तिथंच गळून पडले.

“त्या लहानपणी शेतात होत्या?”

“आम्ही सगळेच शेतावरचे. सलगमाच्या ओळी विरळायच्या, कुदळीने, वाकून. आत्या पोर होती तेव्हापासून करायची. आणि एक गोष्ट आहे... वेळ आहे का तुम्हाला?”

डॉक्टरांनी मला हाताने खूण केली, बोला.

“माझे आजोबा एका वसंतात आजारी पडले. नांगरट राहिली. तेव्हा गावातले लोक न बोलावता आले, आपापले घोडे आणि नांगर घेऊन, आणि एका दिवसात सगळं शेत नांगरून दिलं. त्याला आमच्यात मायेची डार्ग म्हणायचे. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, फक्त भाकरी-चीज खायचं आणि निघायचं. आत्या लहान होती, तीच भाकरी वाटत होती. आजोबा खिडकीत बसून बघत होते आणि रडत होते. लोक गेल्यावर ते आत्याला म्हणाले, आपली डार्ग दुसऱ्याच्या हातात कधी जाऊ देऊ नकोस, पोरी. त्यांना फार लागलं होतं ते. माणूस अभिमानी होता.” मग ती म्हणाली, “आत्याने ते जरा जास्तच मनावर घेतलं असावं.”

वेळ संपल्याचं एक्स्चेंजमधली बाई सांगायला लागली. मार्गरेट घाईघाईने म्हणाली, “तुम्ही तिच्याजवळ आहात ना?” आणि फोन तुटला.

डॉक्टर खिडकीतून बाहेर बघत होते. “म्हणजे रोज संध्याकाळी त्यांना वाटतं की दिवस संपत आला आणि काम राहिलंय,” ते म्हणाले.

“हो.”

“मला पण रोज तेच वाटतं,” ते म्हणाले आणि राउंडला निघून गेले.

त्या संध्याकाळी मी धावतच मिसबाईंच्या खोलीत गेले. आता आपल्याला किल्ली सापडली अशा तोऱ्यात. त्या पलंगावरून पाय सोडतच होत्या. मी समोर गुडघ्यावर बसले, त्यांचे हात हातात घेतले आणि मोठ्याने म्हणाले, “मिसबाई, तुमची डार्ग झाली! मी केली. सगळी झाली, आता निजा.”

महिनाभरात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या आरपार नव्हे, माझ्याकडं. डार्ग हा शब्द त्यांनी ओळखला होता. त्यांनी माझा हात उलटा केला. बोटं एकेक करून पसरली आणि नखं बघितली. अगदी प्रार्थनेनंतर बघायच्या तशी. माझी नखं साबणाने घासलेली, पांढरीफेक. डेटॉलचा वास येत होता.

त्यांनी माझा हात टाकून दिला आणि पुन्हा भिंत धरून उठायला लागल्या.

मी खोटं बोलतेय हे त्यांना कळलं होतं. डोक्यातलं सगळं पुसलं गेलं होतं, पण शेतातून आलेला हात कसा दिसतो, हे गेलं नव्हतं. त्या दिवशी तिघांच्याऐवजी चौघं लागले. मी व्हरांड्यात येऊन पायरीवर बसले आणि मला रडू फुटलं. दमलेल्या माणसाला रडायला कारण लागत नाही, आणि मला तर कारणही होतं.

तिथं बसल्या बसल्याच मला माझी आई आठवली. आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची. खुरपणीला बायका एका रांगेत बसतात, आणि प्रत्येकीच्या वाट्याला पिकाच्या दोन-तीन ओळी येतात. त्या वाट्याला म्हणतात पात. आपापली पात काढत काढत सगळ्या धुऱ्याकडं, शेताच्या कडेच्या बांधाकडं सरकतात. माझ्या वेळेला आई पोटुशी असताना तिची पात रोज मागं पडायची. पण मागं पडलेल्या बाईला शेतात एकटी टाकून कुणी घरी जात नाही. पुढं पोहोचलेल्या बायका उलट्या फिरतात, तिच्या पातीच्या दुसऱ्या टोकाला बसतात आणि समोरून खुरपत तिच्यापाशी येतात. मध्ये गाठ पडली की सगळ्या मिळून उठायचं. आई सांगायची, “त्या समोरून येताना दिसल्या की पाठीतली कळ निम्मी व्हायची.”

मार्गरेटच्या देशात ते घोडे घेऊन आले होते. आमच्याकडं खुरपं घेऊन येतात, एवढाच काय तो फरक.

शनिवार म्हणजे आमच्या गावचा बाजार. त्या दिवशी शेतमजुरांना सुट्टी. सकाळी मी दवाखान्यामागच्या वस्तीत अंजनाबाईकडं गेले. ही तिथल्या खुरपणाऱ्या बायकांची पुढारीण. तिच्या शब्दाबाहेर एक टोळी जायची नाही. ती बाजाराची पिशवी झटकत होती.

“सिस्टरबाई? सकाळीच कामून आलात? रेणूबाई गेली काय?”

“नाही. पण सोमवारी पुण्याला पाठवणार आहेत.”

तिने पिशवी खाली ठेवली. मी तिला सगळं सांगितलं. डार्ग म्हणजे काय, बाईंना काय वाटतं, मी काय बोलले आणि माझी नखं बघून त्यांनी काय केलं. मला वाटलं होतं समजवावं लागेल. अंजनाबाईने मधेच हात वर केला.

“म्हंजी बाईची पात ऱ्हायलीय.”

“हो.”

“मंग त्यात येवढं सांगायचं काय? माजी समदी लेकरं तिच्याच हातावर आली. त्यो भुईमुगाचा तुकडा तसाच पडलाय ना मागं?”

“गवत माजलंय त्यात. पण तुमचा बाजार?”

“बाजार पुढल्या शनिवारी बी भरतो.” ती दारातूनच ओरडली, “ए गोदे, खुरपं घे. सरूला हाक मार. आन् ती नवी सून, तिला बी म्हणावं चल.”

दुपारी मी वॉर्डातून खिडकीशी गेले की बायका दिसायच्या. डोक्यावर पदर, रांगेत बसलेल्या, हळूहळू सरकणाऱ्या. मिसबाई पडल्या होत्या त्या जागेपर्यंतचा भुईमूग त्यांनीच खुरपलेला होता, पुढचा तुकडा गाजरगवताने आणि लव्हाळ्याने भरला होता. अंजनाबाईने मुद्दाम धुऱ्याकडून सुरुवात केली आणि बायका समोरून त्या जागेकडं येत गेल्या. मी तिला असं कर म्हणून सांगितलं नव्हतं. मागं राहिलेलीची पात कुठून काढायची, हे त्यांना सांगावं लागत नाही.

दिवस कलला. मिसबाईंचे पाय पलंगाखाली आले. प्रभुदास दारात बाह्या सरसावून उभा राहिला, आणि डॉक्टर येऊन त्याच्या मागं थांबले.

“काय करताय सिस्टर?” त्यांनी विचारलं.

“जरा थांबा, डॉक्टर.”

बायका व्हरांड्यातून आल्या. घामाने भिजलेल्या, गुडघ्याला चिखल, हातात खुरपी. आमच्या चकचकीत फरशीवर मातीची पावलं उमटत गेली, आणि आयाने कपाळाला हात लावला. खोलीत येऊन त्या पलंगासमोर उभ्या राहिल्या. जागा लहान, म्हणून आपोआप रांगच झाली.

“रेणूबाई,” अंजना म्हणाली, “तुमची पात काढली आमी. उठू नका. दिस बुडायला, आता सुट्टी.”

मिसबाईंनी मान वर केली. त्यांना ओळख पटली का, मला सांगता येणार नाही. त्यांनी हात पुढं केला. अंजनाला काही कळेना.

“नखं,” मी म्हणाले. “नखं दाखव त्यांना.”

अंजनाने खुरपं काखेत धरलं आणि दोन्ही हात पुढं केले. मिसबाईंनी ते धरले आणि उलटे केले. नखांत काळी माती गच्च भरलेली होती, बोटांच्या पेरांवर गवताचा हिरवा डाग. मिसबाईंनी अंगठ्याने ती माती चोळून बघितली. मग पुढचीचे हात. मग गोदाचे, मग सरूचे. नव्या सुनेचेही बघितले. पन्नास वर्षं ज्या बाईने नखात माती दिसली की मुलींना वॉर्डाबाहेर काढलं, ती एकेक हात धरून मातीच शोधत होती. प्रभुदासने तोंड फिरवलं.

शेवटचा हात सोडून मिसबाईंनी अंजनाकडं बघितलं. त्यांचे ओठ बराच वेळ नुसतेच हलत राहिले.

“मुळासकट?” त्या म्हणाल्या.

मराठीत. आवाज घोगरा, पण कडक, आमच्या जुन्या मिसबाईंचाच.

“मुळासकट, बाई,” अंजना म्हणाली. “लव्हाळ्याच्या गाठी बी काढल्या. एक सोडली नाय.”

“कुणी सांगितलं?”

“ह्याला काय सांगाया लागतंय व्हय?”

मिसबाईंचा चेहरा कसनुसा झाला. मला वाटलं, आता चिडतील, हात झटकतील, माझं काम होतं म्हणतील. त्यांच्या वडिलांनी खिडकीत बसून जे गिळलं होतं, ते आता यांच्या समोर आलं होतं. त्यांनी पुन्हा एकदा रांगेकडं बघितलं, चिखलाच्या गुडघ्यांकडं, फरशीवरच्या पावलांकडं.

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग जा घरी. लेकरं वाट बघत असतील.”

आणि स्वतःच आडव्या झाल्या. पाय वर घ्यायला मी मदत केली, तर त्यांनी करू दिली. बोटं चादरीवर पडून राहिली, हलली नाहीत. खिडकीत उजेड होता अजून, आणि मिसबाईंना झोप लागली होती.

डॉक्टर दारातून आत आले.

“सिस्टर,” ते हळूच म्हणाले, “उद्या कोण येणार?”

“उद्या मी. ड्यूटी संपली की.”

“आणि परवा?”

“परवाचं परवा बघू. तुम्ही पुण्याला फोन लावा.”

त्यांनी लावला.

मग रोज कुणी ना कुणी जात राहिलं. एका संध्याकाळी मी, दुसऱ्या दिवशी आया, मग अंजनाची टोळी दुसऱ्याच्या शेतातून परतताना. तुकड्यातलं गवत संपलं तेव्हा प्रभुदासने गुलाबाची आळी केली, ती झाल्यावर लिंबाचं. एकदा तर डॉक्टर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बसले आणि भुईमूगच उपटून आले. मिसबाईंनी त्यांची नखं बघितली, हातातला वेल बघितला, आणि मला म्हणाल्या, “याला परत पाठव.” डॉक्टर हसले. मी त्यांना त्या वर्षात तेवढंच हसताना बघितलं. माझे पाय काही दुखायचे थांबले नाहीत. पण कामाने दुखणं आणि झटापटीने दुखणं यात फरक असतो.

भुईमूग काढणीला आला तेव्हा मिसबाई गेल्या. सकाळी, झोपेतच. त्यांना त्यांच्या लिंबाखालीच ठेवलं. गाव लोटलं होतं. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली, पाळकांनी प्रार्थना केली, आणि लोक पांगले.

आम्ही नर्सा सवयीने दवाखान्याच्या नळापाशी रांगेत उभ्या राहिलो. बाहेरून आलं की आधी हात, ही मिसबाईंची शिकवण. माझ्या मागं अंजना उभी होती. माझी पाळी झाली तेव्हा मी सरकून तिला जागा दिली. ती पुढं आली नाही. तिने आपले हात पदरात घेतले.

“तू धू ना,” मी म्हणाले.

“ऱ्हाऊ द्या आज,” ती म्हणाली. “तिकडं देवाच्या दारात बाईची पात झाली का म्हणून नखं बघितली तर?”

आणि ती खुरप्याबिगर, रिकाम्या हातांनी वस्तीकडं चालायला लागली. मी नर्स होते, वॉर्डात एक बाळंतीण वाट बघत होती, मला हात धुवावेच लागले. फक्त त्या दिवशी मी साबण घेतला नाही.